जुन्या संगणकांचे निर्लेखन: एका 'ब' वर्ग नगरपरिषदेचे प्रकरण

## पार्श्वभूमी

निर्लेखन म्हणजे निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करून तिची विल्हेवाट लावणे. हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका 'ब' वर्ग नगरपरिषदेचे आहे. गाव, जिल्हा आणि माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत. 'ब' वर्ग म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकसंख्येचे शहर. अशा ठिकाणी संगणक अभियंता बहुधा एकच असतो. सर्व्हर, वेबसाइट, स्वच्छ सर्वेक्षणाचे फोटो अपलोड करणे आणि कुणाचा प्रिंटर अडकला तर तो सोडवणे, हे सगळे त्याच्याच गळ्यात पडते.

२०२५ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. नगरपरिषदेची नवी इमारत तयार होऊन विभाग हलायला लागले. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार बंद होणार होता. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. कार्यालयातली निम्म्याहून जास्त यंत्रे त्यात बसत नव्हती. नव्या संगणकांची खरेदी मंजूर झाली आणि तिच्यामागोमाग प्रश्न आला: जुन्यांचे काय?

त्याचे आजवरचे उत्तर जुन्या जकात नाक्याच्या खोलीत होते. जकात गेली तरी खोली नगरपरिषदेकडेच राहिली आणि गेली कित्येक वर्षे बंद पडलेली प्रत्येक वस्तू तिथे जाऊन पडत होती. निवडणुका लांबल्यामुळे नगरपरिषदेवर प्रशासक होते, त्यामुळे ठराव सर्वसाधारण सभेत अडकायची भीती नव्हती. पण नोव्हेंबरपर्यंत आचारसंहिता लागेल असा सगळ्यांचा अंदाज होता (आणि ती लागलीही), म्हणून मुख्याधिकारी मॅडमना खोली त्याआधी रिकामी हवी होती.

## खोलीत काय निघाले

काचेच्या नळीचे जुने मॉनिटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, पोटे फुगलेल्या बॅटऱ्यांचे यूपीएस, शंभराच्या आसपास सीपीयू. इथपर्यंत अपेक्षितच होते. अभियंत्याने यादी करायला घेतली तेव्हा मात्र अशा वस्तू वर आल्या, ज्यांना कार्यालयात कुणी 'संगणक' म्हणत नव्हते. भाड्याची मुदत संपल्यावर ठेकेदार न नेताच गेलेले मोठे झेरॉक्स यंत्र. बोटांच्या ठशांवर हजेरी घेणारी तीन यंत्रे. बाजारपेठेतल्या जुन्या सीसीटीव्हीचे डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारी यंत्रे. घरोघरी जाऊन करवसुली करण्यासाठी घेतलेली हातातली छोटी यंत्रे.

या चारही प्रकारांत माहिती साठते. मोठ्या झेरॉक्स यंत्रांत अनेकदा हार्डडिस्क असते आणि प्रत काढलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यात राहू शकतात. हजेरी यंत्रात कर्मचाऱ्यांच्या ठशांचे नमुने असतात. पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? भांडारपालाच्या यादीत मात्र ही यंत्रे 'किरकोळ विद्युत साहित्य' या एका ओळीत गेली होती. ती ओळ तशीच राहिली असती तर पुढची सगळी काळजी फक्त सीपीयूंपुरती घेतली गेली असती.

## अडचण

कागदावर पाहिले तर काम साधे होते: निर्लेखन समिती नेमा, किंमत ठरवा, लिलाव करा, रक्कम जमा करा. प्रत्यक्षात तीन माणसे तीन दिशांना ओढत होती.

लेखापालांच्या डोक्यात स्थानिक निधी लेखापरीक्षेतला परिच्छेद होता. जडवस्तू संग्रह नोंदवहीची (टिकाऊ वस्तूंच्या नोंदींची) प्रत्यक्ष पडताळणी झालेली नाही आणि निकामी साहित्याची विल्हेवाट न लावल्याने नगरपरिषदेचे नुकसान होत आहे, असा तो शेरा. त्यांना जास्तीत जास्त रक्कम हवी होती आणि ती लवकर हवी होती. भांडारपालाला खोलीची किल्ली कायमची परत द्यायची होती. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि नोंदवहीतला फरक आपल्या नावावर राहू नये, ही त्यांची धास्ती होती. ती रास्तही होती. अभियंत्याला डिस्कची चिंता होती, पण ही चिंता फायलीवर मांडायला त्याच्याकडे कुठलाच रकाना नव्हता. निर्लेखनाच्या प्रपत्रात वस्तू, खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, सद्यस्थिती आणि अंदाजित किंमत एवढेच विचारतात. वस्तूच्या आत काय आहे, हे कुणी विचारत नाही.

पडताळणी झाली तेव्हा आणखी एक गाठ समोर आली. अनेक सीपीयूंमध्ये डिस्कच नव्हती. सुरुवातीला चोरीचा संशय आला. चौकशीत निघाले ते जास्त साधे आणि जास्त अवघड होते. वार्षिक देखभालीचा ठेकेदार डिस्क खराब झाली की ती काढून घेऊन जायचा. करारात अशा डिस्कबद्दल एक शब्दही नव्हता. वॉरंटीत बदललेल्या जुन्या डिस्कही अशाच कंपनीकडे परत गेल्या होत्या. खराब झालेली डिस्क म्हणजे संगणकाला वाचता न येणारी डिस्क. माहिती परत मिळवण्याचा धंदा करणाऱ्याला ती बऱ्याचदा वाचता येते. थोडक्यात, खोलीला कुलूप होते तेव्हाही माहिती दुसऱ्या दाराने बाहेर जात होती. या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटणारी बाब हीच आहे. तिच्यावर चर्चा मात्र सर्वांत कमी झाली, कारण गेलेल्या डिस्कचा लिलाव करता येत नाही.

## 'हा नियम आपल्याला लागू आहे का?'

पहिला खरा वाद कायद्यावरून झाला. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या ग्राहकाने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा रिसायकलर यांच्याकडेच द्यावा, असे त्यांत आहे. २०१६ च्या नियमांत अशा ग्राहकांमध्ये सरकारी विभागांचा थेट उल्लेख होता. २०२२ मध्ये व्याख्या बदलून आकड्यावर आली: आर्थिक वर्षात कुठल्याही वेळी सूचीतली किमान १ हजार उपकरणे वापरणारी संस्था.

लेखापालांनी हाच धागा पकडला. आपल्याकडे दीड-दोनशे संगणक, हजार कुठले? मग नियम आपल्याला लागू नाही आणि नेहमीच्या भंगार लिलावाला अडचण नाही.

अभियंत्याचे उत्तर मला आवडले, कारण तो सूची उघडून बसला. सूचीत १०६ उपकरणे आहेत आणि त्यांत फक्त संगणक नाहीत. प्रिंटर आहेत, टेलिफोन आहेत, पारा असलेले दिवेही आहेत. नगरपरिषदेच्या शाळा, दवाखाना, नाट्यगृह आणि अग्निशमन केंद्र इथल्या ट्यूबलाइट मोजायला घेतल्या तर हजाराचा आकडा कधीच ओलांडला जातो. शिवाय याच नियमांनी नागरी स्थानिक संस्थांवर आणखी एक काम टाकले आहे: शहराच्या कचऱ्यात मिसळून आलेला ई-कचरा आणि ज्याचा उत्पादक सापडत नाही असा बेवारस ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवणे. नागरिकांचा मोबाइल रिसायकलरकडे आणि स्वतःचा संगणक भंगारवाल्याकडे, हे लेखापरीक्षणात कसे समजावून सांगणार? या प्रश्नावर लेखापालांनी आकड्याचा मुद्दा सोडला.

बॅटऱ्यांचा कायदा वेगळा आहे, हेही याच बैठकीत स्पष्ट झाले. यूपीएसमधल्या शिशाच्या बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू होतात. हा फरक पुढे किमतीच्या हिशेबात फार उपयोगी पडला.

## समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय दारात उभाच होता. गावातल्या भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याने खोलीला एक फेरी मारून ठोक आकडा सांगितला होता: सगळे एकत्र, दोन दिवसांत खोली झाडून साफ. लेखापालांच्या अंदाजापेक्षा आकडा बराच मोठा होता. सरकारी लिलावाची ठरलेली अट 'जसे आहे, जेथे आहे' अशी असते. टेबल-खुर्च्यांना ती ठीक आहे. इथे मात्र तिचा अर्थ असा होता की डिस्कही जशी आहे तशीच जाणार.

दुसरा पर्याय शाळांना देण्याचा. एका माजी नगरसेवकांनी तो सुचवला आणि तो ऐकायला सर्वांत चांगला वाटत होता. अभियंत्याचा विरोध तत्त्वाला नव्हता. बंद पडायला आलेला संगणक शाळेला दिला तर दोन वर्षांनी तोच ई-कचरा मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडतो, त्यांच्याकडे निर्लेखन समिती नसते आणि तो थेट भंगारात जातो, असे त्याचे म्हणणे होते. एका मुख्याध्यापकांनी वीस संगणक मागितले होते. खोली पाहिल्यावर तेच म्हणाले, "मॅडम, यातले चालू किती आहेत ते आधी सांगा."

तिसरा पर्याय बायबॅकचा, म्हणजे नव्या खरेदीत जुने परत देण्याचा. खरेदीच्या वेळी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तशी सोय मिळते. यात वेळ वाचतो, पण खरेदीची प्रक्रिया आधीच पुढे गेली होती. पुरवठादार जुना माल पुढे कुणाला देतो यावर नगरपरिषदेचा हात राहत नाही, ही दुसरी अडचण.

चौथा पर्याय मोफत उचलण्याचा. एका कंपनीने स्वतःहून पत्र पाठवले: सगळे साहित्य विनामूल्य नेऊ आणि माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र देऊ. मुख्याधिकारी मॅडमना हा पर्याय काही काळ पटलाही होता. तेव्हा अभियंत्याने टिपणीत ब्रिटनचे एक उदाहरण जोडले. एनएचएस सरे या सार्वजनिक आरोग्यसंस्थेने जुने संगणक असेच एका कंपनीला दिले होते. नष्ट करण्याचे काम फुकट, त्याबदल्यात उपयोगी भाग विकायची मुभा, आणि वर प्रमाणपत्रे. पुढे त्यातला एक संगणक ऑनलाइन लिलावात विकत घेणाऱ्या माणसाला त्यात सुमारे ३ हजार रुग्णांची माहिती सापडली. २०१३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने २ लाख पौंडांचा दंड केला. तो दंड कंपनीला झाला नाही. तो आरोग्यसंस्थेला झाला. परदेशातले उदाहरण सरकारी टिपणीत सहसा कुणी वाचत नाही. हे वाचले गेले, कारण दंडाचा आकडा होता.

पाचवा पर्याय सर्वांत खटपटीचा: डिस्क आधी काढून आपल्याच आवारात निकालात काढायच्या, वापरता येतील ती यंत्रे बाजूला ठेवायची, बॅटऱ्या वेगळ्या करायच्या आणि उरलेल्याचा ई-लिलाव फक्त नोंदणीकृत रिसायकलरांसाठी खुला करायचा. शेजारच्या नगरपरिषदेला सोबत घेऊन मोठा लॉट करावा, असाही विचार झाला. रिसायकलरला शंभर-दोनशे किलोमीटरवरून गाडी पाठवायची तर माल भरपूर लागतो. पण शेजाऱ्यांची पडताळणी सुरूच झालेली नव्हती. थांबलो तर आचारसंहिता, म्हणून ते सोडून दिले.

## निर्णय: दोन वेगळी निर्लेखने

प्रशासकांच्या ठरावात मुख्याधिकारी मॅडमनी एक वाक्य घालून घेतले आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरण त्या वाक्यावर फिरले. यंत्राचे निर्लेखन आणि यंत्रातील माहितीचे निर्लेखन या दोन स्वतंत्र बाबी समजाव्यात. दुसरी पूर्ण झाल्याचा पंचनामा झाल्याशिवाय पहिली करू नये. त्यामुळे अभियंत्याला हवा असलेला रकाना मिळाला. जबाबदारीही वाटली गेली. यंत्र भांडारपालाचे, पण आतली माहिती त्या त्या विभागप्रमुखाची. कर अधीक्षक, आस्थापना विभाग आणि जन्म-मृत्यू नोंदणी विभाग यांनी आपापल्या डिस्कबद्दल 'यातील माहिती अन्यत्र उपलब्ध आहे, नष्ट करण्यास हरकत नाही' असे सहीनिशी द्यायचे ठरले.

सही मागितली की माणसे आठवायला लागतात. कर अधीक्षकांनी सही रोखली. नगरपरिषदेने काही वर्षांपूर्वी करआकारणीचे सॉफ्टवेअर बदलले होते. नव्या प्रणालीत फक्त थकबाकीची अखेरची शिल्लक आणली होती. त्यामागची वर्षवार मागणी आणि वसुली जुन्या सर्व्हरवरच राहिली होती. तो सर्व्हर याच खोलीत, एका तुटक्या खुर्चीखाली होता. काही मालमत्तांची आकारणीविरुद्धची अपिले चालू होती. ती जुनी आकडेवारी गेली असती तर नगरपरिषदेची बाजू लंगडी पडली असती. जन्म-मृत्यू विभागाच्या एका संगणकात जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पाने निघाली. मूळ वह्या होत्या, पण काहींची पाने आता हात लावताच सुटत होती.

माहिती बाहेर जाऊ नये एवढीच भीती धरून सगळ्या डिस्क पहिल्याच आठवड्यात फोडल्या असत्या तर हे दोन्ही गेले असते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. अभिलेख ठरलेल्या पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत, ही शिस्त कार्यालयांना कागदाच्या बाबतीत माहीत असते. डिस्कच्या बाबतीत ती कुणाला आठवत नाही. इथे अभियंत्याने दोन्ही डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढली आणि प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या. एक संगणक कक्षात, दुसरी लेखा विभागाच्या तिजोरीत. सर्व्हर सुरूच होत नव्हता. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी लागली आणि जुन्या जोडणीची केबल मिळवण्यात बराच वेळ गेला. लेखापाल या काळात रोज विचारत होते. मॅडमनी वेळ दिला, हे विशेष.

## पुसणे आणि फोडणे

फाइल डिलीट केली किंवा डिस्क फॉरमॅट केली की माहिती जाते, हा समज कार्यालयात घट्ट होता. साधारणपणे डिलीट केल्यावर फक्त त्या जागेवरचा हक्क सुटतो. मजकूर तिथेच राहतो आणि बाजारात सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने परत येतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका माहिती घालवण्याच्या तीन पायऱ्या सांगते: वरून लिहून पुसणे, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही असे पुसणे, आणि माध्यमच नष्ट करणे. सात वेळा पुसण्याची जुनी दंतकथा तिने निकालात काढली आहे. आजच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कला संपूर्ण एकदा वरून लिहून पडताळणे साधारण कामासाठी पुरते.

चालू डिस्क पेन ड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने पुसल्या. ५०० जीबीच्या डिस्कला सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तरी दीड तासाच्या आसपास जातो, आणि पडताळणीला पुन्हा तेवढाच. म्हणून एका टेबलावर चार-पाच यंत्रे मांडून संध्याकाळी लावायची आणि सकाळी निकाल पाहायचा, अशी पद्धत बसली. एसएसडीचे, म्हणजे तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कचे, मात्र वेगळे असते. ती झीज वाटून घेण्यासाठी लिखाण आतल्या आत हलवत असते, त्यामुळे वरून लिहिले तरी काही कोपरे शिल्लक राहतात. त्यांना निर्मात्याने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. अशा एसएसडी थोड्याच होत्या.

मेलेल्या डिस्क फोडल्या. पाणीपुरवठा विभागाच्या वर्कशॉपमधले उभे ड्रिल यंत्र वापरले आणि तबकड्यांतून आरपार भोके पाडली. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमध्ये तबकडी अनेकदा काचेची असते आणि ड्रिल लागताच तिचे बारीक तुकडे उडतात. पहिल्याच लॅपटॉप डिस्कच्या वेळी हे कळले आणि चष्मे, हातमोजे त्यानंतर आले. ते आधी यायला हवे होते. एसएसडीला मधोमध एक भोक पुरत नाही, कारण माहिती आतल्या छोट्या चिपमध्ये असते. प्रत्येक चिप फुटली आहे का, हे झाकण उघडून पाहावे लागते.

प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, ती ज्या यंत्रातून काढली त्याचा नोंदवही क्रमांक, पद्धत आणि निकाल अशी यादी झाली. त्यावर अभियंता, भांडारपाल आणि संबंधित विभागाचा प्रतिनिधी यांच्या सह्या. कंपनीच्या छापील प्रमाणपत्रापेक्षा हा हाताने भरलेला पंचनामा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण सही करणाऱ्याने डिस्क डोळ्यांनी पाहिलेली असते. हजेरी यंत्रांतले ठसे यंत्राच्या मेनूतून काढले, आणि जी सुरूच होत नव्हती त्यांचे बोर्ड फोडले. ज्या यंत्रांत डिस्क नव्हती तिथे 'डिस्क आढळून आली नाही' असेच लिहिले. भांडारपालाला तो रकाना कोरा हवा होता. मॅडमनी तो भरायला लावला.

## लिलाव, दोनदा

वापरता येतील अशी थोडी यंत्रे आधी बाजूला काढली. त्यांना नव्या एसएसडी आणि जास्तीची रॅम बसवली, लिनक्स टाकले आणि ती नगरपरिषदेच्या अभ्यासिकेत ठेवली. स्पर्धा परीक्षा देणारी मुले तिथे अर्ज भरतात, जुन्या प्रश्नपत्रिका पाहतात. यंत्रे नोंदवहीत नगरपरिषदेचीच राहिली, म्हणजे ती बंद पडली तर परत येतील. शाळेला दान देण्याचा पर्याय नाकारताना ठेवलेली कसोटीही हीच होती: परत घ्यायची तयारी असेल तेवढीच द्यायची.

पहिला ई-लिलाव फसला. कुणीच बोली लावली नाही. कारण अपसेट किमतीत, म्हणजे बोलीच्या किमान किमतीत होते. लेखापालांनी ती मूळ खरेदी किमतीच्या टक्केवारीवर ठरवली होती, जशी टेबलाची किंवा जीपची ठरवतात. बारा वर्षांपूर्वीच्या सीपीयूला मूळ किमतीशी काही देणेघेणे नसते. रिसायकलर तो किलोवर मोजतो: बोर्ड, तांबे, अॅल्युमिनियम, लोखंड, प्लॅस्टिक. काचेच्या नळीचा मॉनिटर तर त्याला नकोच असतो. त्या काचेत शिसे असते आणि तिला गिऱ्हाईक नाही. तो घेणे म्हणजे खर्च.

याच वेळी भंगार व्यापाऱ्याच्या मोठ्या आकड्याचा उलगडा झाला. बॅटऱ्या वेगळ्या काढून वजन केल्यावर दिसले की त्याच्या ठोक भावात मोठा वाटा शिशाचा आणि तांब्याचा होता. बाकी माल त्याच्या दृष्टीने जवळपास फुकटच होता, आणि तोच पुढे कुठल्या तरी शेडमध्ये आम्लात बुडवला किंवा जाळला गेला असता. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद या कामासाठी देशभर ओळखले जातात. आपल्या गावातून सुटलेला बोर्ड हात बदलत तिथपर्यंत जाऊ शकतो. बॅटऱ्या नव्या यूपीएस बॅटऱ्यांच्या पुरवठादाराला बदली भावात दिल्या. त्याची रक्कम वेगळी जमा झाली आणि लेखापालांचा चेहरा बराच सैल झाला.

दुसऱ्या लिलावात किंमत वजनावर बेतली आणि तीन अटी घातल्या. बोली लावणारा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रिसायकलर म्हणून नोंदलेला हवा. संपूर्ण लॉट उचलायचा, निवडानिवड नाही, काचेचे मॉनिटरही न्यायचे. आणि वजन सार्वजनिक वजनकाट्यावर, नगरपरिषदेच्या माणसासमोर करायचे. बोल्या मोजक्याच आल्या. त्यातल्या सर्वांत चढ्या बोलीवाल्याच्या नोंदणीची मुदत संपलेली होती; कागदपत्रात जुना दाखला होता, पोर्टलवर नाव दिसत नव्हते. इथे फाइल पुन्हा अडली. चढी बोली नाकारली तर लेखापरीक्षक विचारणार, स्वीकारली तर स्वतःच घातलेली अट मोडणार. मॅडमनी पोर्टलची त्या दिवशीची छापील प्रत फायलीला लावून बोली नाकारली. कारण लिहिलेले असले की नकाराची भीती कमी होते.

उचल होण्याआधी अभियंता आणि स्वच्छता निरीक्षक रिसायकलरचा कारखाना पाहून आले. ही फेरी कुठल्याही नियमात नव्हती. तिथे बहुतेक सुटे करण्याचे काम हातानेच चालते, हे पाहून निरीक्षक थोडे नाराज झाले. ते नाराजीचे कारण नव्हे. हाताने सुटे केलेले भाग उलट स्वच्छ वेगळे होतात. विचारायचे ते असे की बोर्ड पुढे कुठे जातात, कारण त्यातून धातू काढण्याची यंत्रणा प्रत्येकाकडे नसते. त्यांनी विचारले, आणि पुढच्या कारखान्याला पाठवलेल्या मालाची बिले पाहिली.

## निष्पत्ती

आचारसंहितेच्या थोडे आधी खोली रिकामी झाली. सीपीयूंवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले 'न. प.' आणि क्रमांक खरवडूनच माल गाडीत चढवला. एकूण मिळालेली रक्कम, बॅटऱ्यांसकट, भंगार व्यापाऱ्याच्या आकड्यापेक्षा कमी भरली. अभियंत्याचे आणि वर्कशॉपचे तास धरले तर आणखी कमी. लेखापरीक्षेतला परिच्छेद अंशतः वगळला गेला. नोंदवहीतल्या फरकाचा भाग उरला. रिसायकलरकडून प्रक्रियेचे प्रमाणपत्र यायला उशीर झाला, पण ते वजनाच्या पावतीशी जुळले.

नव्या देखभाल करारात खराब डिस्क नगरपरिषदेकडेच राहील असे कलम आले. पुरवठादाराने त्यासाठी थोडा जादा दर लावला आणि यावेळी लेखापालांनी तो कुरकुर न करता मान्य केला.

## वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठा वेळ कर सर्व्हरवर गेला, आणि तो जुन्या संगणकांच्या कामाचा वेळच नव्हता. सॉफ्टवेअर बदलताना जुना विदा (डेटा) पूर्ण उतरवून घेण्याची अट त्या करारात घातली असती तर हे काम तेव्हाच झाले असते, तेही सर्व्हर चालू असताना. आता काढलेली प्रतिमा वाचायची तर ते जुने सॉफ्टवेअर लागेल. ते कुणाकडे आहे याचा शोध अजून चालू आहे; प्रती तिजोरीत आहेत एवढेच समाधान.

पहिला लिलाव टाळता आला असता. दोन-तीन रिसायकलरांना फोन करून किलोचे चालू भाव विचारायला परवानगी लागत नाही. शेजारच्या नगरपरिषदेची वाट पाहायला हवी होती का, यावर मात्र माझे मत ठाम नाही. लॉट मोठा झाला असता तर भाव चढला असता, पण त्याच काळात पावसाळ्यात गळणाऱ्या त्या खोलीत बॅटऱ्या आणखी काही महिने पडून राहिल्या असत्या. जिल्हास्तरावर वर्षातून एकदा सगळ्या नगरपरिषदांचा एकत्र लॉट काढणे हा यावरचा उपाय दिसतो. तो एकट्या मुख्याधिकाऱ्याच्या हातातला नाही.

डिस्कबद्दल विभागप्रमुखांची संमती सुरुवातीलाच मागायला हवी होती. ती यादी पूर्ण झाल्यावर मागितली गेली, म्हणून कर अधीक्षकांची हरकत उशिरा आली आणि सगळे काम तिच्यासाठी थांबले. झेरॉक्स यंत्राचेही तसेच. त्याची मालकी ठेकेदाराची होती, नगरपरिषदेला ते निर्लेखित करण्याचा अधिकारच नव्हता. त्यातली डिस्क पुसून यंत्र परत न्यायला ठेकेदाराला बोलवावे लागले, आणि डिस्क पुसायची परवानगी द्यायला तोही तयार नव्हता. शेवटी नवी डिस्क नगरपरिषदेने विकत देऊन जुनी ठेवून घेतली. भाड्याच्या यंत्रांच्या करारात हे कलम अजूनही आलेले नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. त्याची पूर्ण अंमलबजावणी होईल तेव्हा देखभालीच्या ठेकेदाराबरोबर गेलेल्या जुन्या डिस्कचा प्रश्न वेगळ्या रूपात येईल. त्या ठेकेदाराला पत्र लिहून डिस्कचे काय केले याचा खुलासा मागवला आहे. मालमत्तांच्या सर्वेक्षणाच्या वेळी एजन्सीने वापरलेल्या टॅबबद्दलही असेच पत्र गेले. ठेकेदाराने 'भंगारात विकल्या' असे एका ओळीत कळवले. एजन्सीचे उत्तर यायचे आहे.